ओट्याचा दगड घेताना या चुका टाळा

स्वयंपाकघराचा ओटा एकदा बसला की वर्षानुवर्षं हलत नाही. तरीही बहुतेक घरांत दगड ठरतो तो दुकानात, उभी लादी आणि तिची चमक पाहून. त्या चमकेवर लिंबू पिळून पाहायचं मात्र राहून जातं.

सगळ्यात महागात पडते ती पांढऱ्या संगमरवराची हौस. मकराण्याचा असो की इटलीचा, संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आंबट लागलं की तो विरघळू लागतो. चिंचेचा कोळ, कोकमाचं आगळ, टोमॅटो, ताक यांच्याशिवाय आपला स्वयंपाक होतच नाही. मग वाटीच्या बुडाएवढं निस्तेज वर्तुळ उमटतं आणि आपण ते घासत बसतो. ते घासून जात नाही, कारण तो डाग नाहीच. तिथलं पॉलिश आम्लाने खाल्लेलं असतं. पुन्हा पॉलिश करून घेणं एवढाच उपाय. व्हिनेगर लावाल तर आणखी बिघडेल. कडप्पा आणि कोटा काळपट-हिरवट दिसतात म्हणून दणकट वाटतात, पण तेही चुनखडीचेच. ग्रॅनाइटखाली आधाराला कडप्पा उत्तम. वर उघडा ठेवायचा तर आंबट सांडताक्षणी पुसायची सवय हवी.

ग्रॅनाइटला आंबटाचं भय नाही, पण ‘ग्रॅनाइट’ या नावाखाली बाजारात बरेच वेगळे दगड विकले जातात. फिकट रंगाचे काही दगड तेल आणि हळद पितात. म्हणून घ्यायच्या त्याच लादीचा तुकडा मागून घरी आणा. त्यावर पाण्याचे थेंब टाकून 15 मिनिटांनी पुसा. खाली गडद ठसा राहिला तर दगड शोषतो. त्याला सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारा द्रव, लागेल, आणि तोही अधूनमधून पुन्हा लावावा लागेल. लिंबाची फोड आणि हळदीचं तेल रात्रभर ठेवून पाहा. काळ्याभोर दगडावर अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेला कापूस फिरवा. कापूस काळा झाला तर रंग वरून चढवलेला आहे, तो घेऊ नका.

हळदीचा डाग पडलाच तर खायच्या सोड्याची ओली लपटी लावा, वर प्लास्टिक झाका आणि दुसऱ्या दिवशी काढा. ऊन येत असेल तर बरंच. हळदीचा पिवळा रंग उन्हात फिका पडतो.

‘क्वार्ट्झ’च्या लाद्या नैसर्गिक दगड म्हणून गळ्यात मारल्या जातात. त्या दगडाच्या भुकटीत राळ मिसळून कारखान्यात बनतात, आणि गरम कढई थेट टेकवली तर राळ करपते.

दगड चांगला असूनही सिंकच्या कोपऱ्यातून तडा जातो, तेव्हा दोष बहुधा कापण्यात असतो. कोपरा काटकोनात न कापता गोलसर घ्यायला सांगा. सिंकच्या पुढची पट्टी अरुंद ठेवू नका, आणि सांधा सिंकवर येऊ देऊ नका. ओट्याच्या कडेखाली खाच मारली की पाणी ओघळून खालच्या कपाटात शिरत नाही.

आणि कापणी पाणी सोडूनच करून घ्या. कोरड्या कटरने उडणारी सिलिकाची धूळ कारागिराच्या फुप्फुसात कायमची बसते. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये सिलिका फार असते; ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्या लाद्यांवर बंदी घातली ती याच धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारामुळे. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतेच. घरात धूळ नको म्हणून आपण दारं लावून घेतो. बाहेर बसून कापणाऱ्याला पाण्याची बादली आणि चांगला मास्क मिळाला का, हे आधी बघा.