जर्मनीतल्या तुर्कांची मतं खरंच बदलली का? आकड्यांवरून तपासायची रीत

परदेशी गेलेला माणूस बदलतो, हे सगळेच म्हणतात. मोजायला बसलं की अडतं ते इथे: बदलला, पण कुणाच्या तुलनेत? गावी राहिलेल्यांच्या, नव्या शेजाऱ्यांच्या, की स्वतःच्याच जुन्या मतांच्या? हे आधी ठरवा, फाइल मग उघडा.

माहिती युरोपियन सोशल सर्व्हेची घ्या. २००२ पासून साधारण दर दोन वर्षांनी एक फेरी होते आणि नाव नोंदवलं की फाइल फुकट मिळते. प्रश्न एकच निवडा. समलिंगी व्यक्तींना मनाप्रमाणे जगण्याची मुभा असावी का, हा बरा, कारण तो पहिल्या फेरीपासून विचारला जातोय. उत्तरात १ म्हणजे पूर्ण सहमत, ५ म्हणजे पूर्ण असहमत. मोठा आकडा मोकळ्या मताचा हवा असेल तर उत्तर ६ मधून वजा करा. त्याआधी ७, ८, ९ काढून टाका. ते नकार, ‘माहीत नाही’ आणि कोरं उत्तर यांचे आकडे आहेत. विसरलात तर ६ वजा ८ म्हणजे उणे २, आणि सरासरी गुपचूप घसरते.

मग गट पाडा. पासपोर्टवरून पाडू नका. २००० साली जर्मनीचा नागरिकत्व सोपं करणारा नवा कायदा लागू झाला. नागरिक झालेले तुर्क पासपोर्टवरून शोधलेत तर सापडणारच नाहीत. जन्मदेश बघा. तुर्कस्तानात जन्मलेले एकीकडे, जर्मनीत जन्मलेले पण आई किंवा वडील तिकडचे असलेले दुसरीकडे. बाराव्या वर्षाच्या आत आलेल्यांचा तिसरा गट करा. त्यांची शाळा जर्मन, म्हणून ते बापापेक्षा धाकट्या भावंडांच्या जवळ असतात.

एका फेरीत अशी माणसं फार थोडी निघतात. ३० जणांवर काढलेल्या टक्केवारीत चूक १८ अंकांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते, १०० जणांवर सुमारे १०. म्हणून फेऱ्या एकत्र करा. पहिल्या चार फेऱ्यांत देशात येऊन किती काळ झाला ते गटांत विचारलंय, पाचवीपासून नेमकं वर्ष आहे. जोडताना नवीन वर्षांचेही तेच गट करा.

तुलनेला तुर्कस्तान २००४ आणि २००८ च्या फेऱ्यांत मिळतो. शेजारी म्हणून त्याच वयाचे, तितकेच शिकलेले जर्मन घ्या. त्यांची मतंही जागची हललेली आहेत. २०१७ मध्ये तिथे समलिंगी विवाह कायदेशीर झाला. म्हणून नुसता गुण न बघता दोघांतलं अंतर बघा.

सगळ्यात जास्त फसवते ती ‘वास्तव्याची वर्षं’. वय म्हणजे येतानाचं वय अधिक वास्तव्य, त्यामुळे तिन्ही एकाच समीकरणात घातली की सॉफ्टवेअर एक गुपचूप वगळतं. दोनच ठेवा आणि कुठली ते लिहा. शिवाय जुने आणि नवे ही एकाच जातकुळीची माणसं नव्हेत. १९६१ च्या तुर्कस्तान-जर्मनी कामगार-भरती करारानंतर आले ते कामगार. १९७३ मध्ये भरती थांबल्यावर मुख्यतः बायकामुलं आली, १९८० च्या लष्करी उठावानंतर राजकीय आश्रितही. त्यांच्यातला फरक म्हणजे जर्मनीत राहिल्याचा परिणाम नव्हे. अमेरिकेतल्या मराठी माणसांचं हेच: १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतरचे डॉक्टर-इंजिनिअर आणि आयटीच्या लाटेत गेलेले एका तराजूत घालता येत नाहीत. त्याच माणसांना वर्षानुवर्षं गाठायचं असेल तर जर्मनीचं १९८४ पासून चालू असलेलं एसओईपी सर्वेक्षण बघा. त्यात सुरुवातीपासून तुर्क कुटुंबं आहेत. मात्र तिथे हवा तो प्रश्न आहे का, हे आधी तपासा.

यादीत नसलेली माणसंही मोजा. १९८३ च्या कायद्याने परत जाणाऱ्या बेकार कामगाराला १०,५०० मार्क देऊ केले. जे तेव्हा गेले ते गेले, आणि त्यांत न रुळलेले जास्त असू शकतात. उरलेल्यांवरून ‘जुने लोक रुळले’ म्हणणं जरा महागात पडतं, बदल आहे त्याहून मोठा भासतो. भाषेचं उलट. या सर्व्हेत पाच टक्के लोकसंख्येची पहिली भाषा असेल तरच प्रश्नावलीचं भाषांतर होतं आणि जर्मनीत तुर्की त्यात बसत नाही. जर्मन न येणारे नवखे गळतात, म्हणून नव्यांचा गट आहे त्याहून मोकळा दिसतो आणि बदल कमी भासतो. या दोन चुका एकमेकींना खोडतील असं धरू नका. तक्त्याखाली दोन्ही स्वतंत्र लिहा.