जुन्या कार्डांच्या ऑनलाइन लिलावात बनावट बोली कशी ओळखावी

कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा लिलाव पाहिलेल्या नागपूरकराला बोली म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. व्यापारी समोरासमोर उभे असतात, कोण कोणासाठी भाव चढवतो हे नेहमीच्या माणसांना ठाऊक असते आणि मालवाल्याचाच माणूस गर्दीत मिसळून भाव वाढवू लागला, तर ते फार काळ लपत नाही. जुन्या कार्डांच्या ऑनलाइन लिलावात मात्र समोर चेहरा नसतो. नावातील दोन अक्षरे, मध्ये काही तारका आणि शेजारी त्या सदस्याला मिळालेल्या अभिप्रायांचा आकडा एवढेच दिसते. त्या अक्षरांमागे खरा ग्राहक आहे की विक्रेता स्वतः किंवा त्याचा मित्र आहे, हे बोलीच्या नोंदींवरून ताडावे लागते. ते कसे ताडावे, हे येथे सांगतो आहे.

मी सिगारेटच्या पाकिटांतून निघालेली जुनी क्रिकेट कार्डे जमवतो. सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ मध्ये आमच्याच शहरात झाला, त्यामुळे त्यांच्या काळातील क्रिकेटची ओढ मला शाळेच्या वयापासून आहे. इंग्लंडमधील जॉन प्लेअर अँड सन्स या कंपनीने १९३४ मध्ये आणि पुन्हा १९३८ मध्ये क्रिकेटपटूंच्या ५० कार्डांचे संच काढले होते, आणि महायुद्धातील कागदटंचाईमुळे १९४० मध्ये तिकडे अशी कार्डे निघणेच थांबले. ही कार्डे इतवारीच्या रद्दीवाल्याकडे सहसा सापडत नाहीत. ती इंग्लंड-अमेरिकेतील विक्रेत्यांकडून, लिलावातूनच घ्यावी लागतात.

फसवणूक समजण्यासाठी आधी बोलीची यंत्रणा नीट समजली पाहिजे. ईबेसारख्या संकेतस्थळावर आपण आपली कमाल रक्कम टाकतो, ती इतरांना दिसत नाही, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक टप्पा वर राहण्यापुरतीच रक्कम यंत्रणा आपल्या वतीने पुढे करते. समजा, एका कार्डासाठी मी १४० डॉलर ही कमाल रक्कम टाकली आणि माझ्याखालोखाल कोणाची तरी ६१ डॉलरची बोली आहे, तर भाव ६२ डॉलर दिसेल आणि लिलाव तेथेच संपला तर मला ६२ डॉलरच द्यावे लागतील. आता एक नवा सदस्य येतो आणि थोड्याच वेळात ६५, ७५, ९०, ११०, १३० अशा बोली टाकत जातो. प्रत्येक वेळी माझी दडलेली रक्कम त्याच्यावर मात करते, म्हणून तो थेट १५० टाकतो. त्यासरशी तो पुढे जातो, भाव १४२.५० वर पोहोचतो आणि या पातळीवरचा टप्पा २.५० डॉलरचा असल्यामुळे माझी मर्यादा १४० होती हे त्याला कळते. मग तो ‘रक्कम चुकून टाकली’ असे कारण देऊन बोली मागे घेतो आणि भाव पुन्हा ६२ वर येतो. दुसऱ्या दिवशी वेगळ्याच खात्यावरून १३७.५० ची बोली येते. मी जिंकतो, पण ६२ ऐवजी १४० डॉलर देऊन.

या युक्तीची खूण नोंदींत राहते, कारण मागे घेतलेली बोलीही बोलीच्या इतिहासात दाखवली जाते. ईबेच्या नियमानुसार लिलाव संपायला १२ तासांहून अधिक वेळ असताना बोली मागे घेतली, तर त्या सदस्याच्या त्या वस्तूवरील सर्व बोली रद्द होतात. शेवटच्या १२ तासांत मात्र केवळ शेवटची बोली, तीही टाकल्यापासून एका तासाच्या आत, मागे घेता येते. म्हणून चाचपणी करणारा माणूस बहुधा एक-दोन दिवस आधीच आपले काम उरकून घेतो. आपल्या कमाल रकमेच्या जरा वर जाऊन कोणी माघार घेतलेली दिसली, तर त्यानंतर येणारी प्रत्येक बोली बारकाईने पाहावी.

दुसरी पद्धत याहून साधी आणि अधिक प्रचलित आहे. गेल्या पावसाळ्यात एका परदेशी संकेतस्थळावर मी ब्रॅडमनच्या एका कार्डासाठी ४० डॉलर कमाल रक्कम टाकली होती. त्या कार्डाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर, अल्बममधून सोडवताना राहिलेला गोंदाचा फिकट तपकिरी डाग होता, म्हणून त्याहून अधिक देण्याची माझी तयारी नव्हती. लिलाव संपायला दोन दिवस असताना एकाच सदस्याने ११ मिनिटांत १२, १५, १८, २२, २६, ३०, ३५ आणि ३८ अशा आठ बोली टाकल्या आणि तो थांबला. कार्ड मला ३९ डॉलरला मिळाले. पैसे भरल्यानंतर मी त्याच विक्रेत्याचे आधी संपलेले तीन लिलाव उघडून पाहिले, तर तिन्हींमध्ये तीच दोन अक्षरे, शेजारी तोच ३ हा आकडा आणि तिन्ही वेळा दुसरा क्रमांक. हे मी पैसे भरण्यापूर्वी पाहायला हवे होते, आणि म्हणूनच वाचकांना माझा पहिला आग्रह हा आहे की बोली लावण्याआधी विक्रेत्याचे किमान पाच-सहा संपलेले लिलाव उघडून पाहावेत आणि दुसऱ्या क्रमांकावर कोण कोण राहिले, हे वहीत लिहून ठेवावे. वही यासाठी की त्या तारकांतील अक्षरे लक्षात राहत नाहीत. चार लिलावांच्या नोंदी एकाखाली एक लिहिल्या की पुनरावृत्ती लगेच दिसते.

मात्र एका खुणेवरून कोणावरही ठपका ठेवू नये. नवखा माणूस हौसेपोटी थोडी थोडी रक्कम वाढवत जातो, आणि त्याच्या खात्याचा आकडाही शून्य किंवा दोन-तीनच असतो. एखाद्या सदस्याच्या बोलींपैकी बहुतेक एकाच विक्रेत्याकडे लावलेल्या दिसल्या, तरी तो विक्रेता त्या प्रकारची कार्डे विकणारा एकमेव असू शकतो. १९३४ चा संच पूर्ण करत होतो तेव्हा दोन महिने माझ्या स्वतःच्या जवळजवळ सगळ्या बोली एकाच विक्रेत्याकडे होत्या. माझ्या मते संशय तेव्हाच पक्का धरावा, जेव्हा तीन गोष्टी एकत्र येतात: तोच सदस्य त्याच विक्रेत्याकडे वारंवार बोली लावतो, जवळजवळ कधीच जिंकत नाही, आणि शेवटच्या तासात, म्हणजे खरा ग्राहक ज्या वेळी जागा असतो त्या वेळी, त्याचा मागमूस नसतो.

बनावट बोली लावणारा कधी कधी अंदाज चुकून जिंकतो, आणि तेव्हा पुढील दोनपैकी एक गोष्ट घडते. पहिली म्हणजे ‘विजेत्याने पैसे भरले नाहीत’ असे सांगून विक्रेता दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहकाला तेच कार्ड त्याच्या सर्वोच्च बोलीच्या किमतीला देऊ करतो. असा प्रस्ताव प्रामाणिकही असू शकतो, परंतु तो आल्यास आधी विजेत्याच्या बोली वगळून भाव कोठे थांबला असता याचा हिशेब करावा आणि त्यापेक्षा अधिक रक्कम देऊ नये. दुसरी म्हणजे तेच कार्ड काही आठवड्यांनी पुन्हा लिलावात येते. जुन्या कार्डांच्या बाबतीत हे पकडणे सोपे असते, कारण प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यांची झीज, कडेची पांढरी रेघ आणि छपाईतील सरक वेगळी असते. तपासणी संस्थेने स्थितीनुसार श्रेणी देऊन प्लास्टिकच्या बंद कवचात ठेवलेल्या कार्डावर तर प्रमाणपत्र क्रमांकच छापलेला असतो. म्हणून हरलेल्या लिलावांतील छायाचित्रेही जपून ठेवावीत.

मोठ्या नावावर विसंबून ही तपासणी टाळू नये. अमेरिकेत क्रीडा कार्डांच्या लिलावांत अग्रगण्य मानल्या गेलेल्या बिल मास्ट्रो याने बनावट बोलींनी भाव फुगवल्याच्या खटल्यात २०१३ मध्ये गुन्हा कबूल केला. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूच्या जगप्रसिद्ध कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या, हेही त्याने मान्य केले, आणि २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली.

बोली लावताना मी आता एकच रीत पाळतो. तशाच स्थितीतील कार्डे प्रत्यक्षात किती किमतीला विकली गेली हे पाहून, त्यात टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून, मी माझी मर्यादा आधीच ठरवतो आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदाच बोली टाकतो. इंग्लंडमध्ये रविवारी रात्री ८ वाजता संपणारा लिलाव आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला संपतो, त्यामुळे जागरण घडते. परंतु चाचपणी करणाऱ्याला माझी मर्यादा शोधायला वेळच मिळत नाही.

संशय बळावल्यास विक्रेत्याशी वाद घालत बसू नये. वस्तू क्रमांक, संबंधित सदस्याची अक्षरे, बोलींच्या वेळा आणि पडद्याची छायाचित्रे जोडून संकेतस्थळाकडे तक्रार करावी. विक्रेता भारतातील असेल, तर १९३० च्या वस्तुविक्री अधिनियमातील कलम ६४ आपल्या बाजूने आहे: स्वतः बोली लावण्याचा हक्क विक्रेत्याने आधी स्पष्टपणे राखून ठेवला नसेल, तर त्याने स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत बोली लावणे बेकायदेशीर ठरते, आणि भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावली असल्यास खरेदीदाराला ती विक्री रद्द ठरवून घेता येते. व्यवसाय म्हणून विकणाऱ्याविरुद्ध ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पैसे घेऊन कार्डच पाठवले नाही, तर ती थेट आर्थिक फसवणूक असल्याने वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावे.

व्हॉट्सॲपवरील संग्राहकांच्या गटांत होणाऱ्या लिलावांना यापैकी कोणतीच यंत्रणा नसते. तेथे बोलीचा इतिहास म्हणजे फक्त संदेश, आणि ते पुसताही येतात. अशा ठिकाणी मी लिलाव सुरू होण्यापूर्वीच गटात सर्वांसमोर एवढे लिहितो: “या लिलावात विक्रेते किंवा त्यांच्या घरचे कोणी बोली लावणार आहेत का, हे कृपया आधी सांगावे.” बहुतेक विक्रेते लगेच ‘नाही’ असे उत्तर देतात आणि मी त्या उत्तराचे छायाचित्र कार्डाच्या छायाचित्राशेजारी ठेवून देतो. ज्या दोन वेळा उत्तर आले नाही, त्या दोन्ही वेळा मी बोली लावली नाही.