हार्डटेलला लांब फोर्क बसवायचाय? स्टीअरर कापायची घाई करू नका

"१०० चा काढ आणि १४० चा टाक, सॅग धरला की सगळं सारखंच होतं" असा सल्ला सर्रास मिळतो (आकडे मिमीत, फोर्क किती दबू शकतो त्याचे, म्हणजे ट्रॅव्हलचे; सॅग म्हणजे नुसतं बसल्यावर वजनाने तो जितका दबतो ते) आणि तो देणाऱ्याने साधी वजाबाकीसुद्धा केलेली नसते. २० टक्के सॅग धरला तर १०० चा फोर्क २० मिमी दबतो आणि १४० चा २८. म्हणजे वाढवलेल्या ४० मिमीतले फक्त ८ परत मिळाले, बाकी ३२ मिमीने सायकलचं तोंड वरच राहणार. हार्डटेलला मागे दबायला काही नसतं, त्यामुळे तिकडूनही भरपाई होत नाही.

ढोबळ हिशोब असा की पुढून २० मिमी वाढवले की हेड अँगल (हेड ट्यूबचा, म्हणजे फोर्क बसतो त्या पुढच्या नळीचा, जमिनीशी कोन) साधारण १ अंशाने पडतो, सीट ट्यूब तेवढीच मागे कलते, बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस) ७-८ मिमी वर जातो आणि रीच (तिथून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) १० मिमीच्या आसपास कमी होतो. उतारावर हे बरं वाटतं, पण खड्या चढावर पुढचं चाक भरकटायला लागतं. माझ्या मते फ्रेम ज्या फोर्कसाठी बनलीय त्यापेक्षा २० मिमी जास्त, बास. फ्रेम कंपनीने कमाल मर्यादा दिली असेल तर तीच शेवटची, कारण फोर्क जितका लांब तितका हेड ट्यूबवर पिळ जास्त, आणि डाउन ट्यूबच्या (खालच्या तिरप्या नळीच्या) वेल्डला तडा गेला तर तो उतारावर वेगात असतानाच उघडा पडू शकतो.

आणि तुलना ट्रॅव्हलची करू नका, अ‍ॅक्सलपासून क्राउनपर्यंतच्या (फोर्कचे दोन्ही पाय वर जिथे जुळतात तिथपर्यंतच्या) उंचीची करा. एकाच ट्रॅव्हलचे दोन फोर्क उंचीला वेगळे असतात, २९ इंची चाकाचा फोर्क त्याच ट्रॅव्हलच्या २७.५ वाल्यापेक्षा साधारण २० मिमी उंच भरतो.

घ्यायच्या आधी अ‍ॅक्सल हबला जुळतो का बघा (९ मिमी क्विक रिलीज, १५×१०० की १५×११० बूस्ट), डिस्क ब्रेकच्या कॅलिपरचा माउंट तुमच्या रोटरला चालतो का ते बघा. स्टीअरर म्हणजे फोर्कची हेड ट्यूबमधून वर जाणारी नळी; टेपर्ड, म्हणजे खाली जाड होत जाणारा, स्टीअरर ३४ मिमीच्या सरळ हेड ट्यूबमध्ये जात नाही, तिथे विषय संपला. ४४ मिमीची असेल तर खाली बाहेरचा कप (बेअरिंगची वाटी) लावून जातो, पण तो कपही उंची वाढवतो, ती त्या २० मिमीतच मोजायची.

जुना फोर्क काढणं सांगत बसत नाही. क्राउन रेस (क्राउनवर बसणारी, हेडसेटच्या म्हणजे हेड ट्यूबमधल्या बेअरिंगच्या खालची कडी) चीर असलेली असेल तर हाताने बसते, अखंड असेल तर योग्य मापाचा पाइप ठेवून चारी बाजूंनी सारखी ठोका, क्राउनशी फट राहिली तर हेडसेट कधीच नीट बसणार नाही.

आता स्टीअरर. सगळ्यात जास्त घाम मला इथेच फुटलाय. "जुन्या फोर्कएवढा काप" हे ऐकायला सोपं वाटतं, पण खालचा कप बदललाय, स्टेम (हँडल स्टीअररला धरणारा तुकडा) बदललाय, तर जुनं माप कुठलं चालणार? समजा हेड ट्यूब ११०, बाहेरचा कप १२, वरचं कव्हर ८, स्पेसर (स्टेमखालच्या कड्या) २०, स्टेम ४०, झाले १९०. जुन्या सेटअपमध्ये तो १२ चा कप नव्हता, म्हणजे जुन्या मापाने कापलात की १२ मिमी कमी पडले. आणि सस्पेन्शन फोर्कचा स्टीअरर क्राउनमध्ये प्रेस केलेला असतो, आखूड झाला तर वरचा अख्खा भाग बदलावा लागतो आणि त्या खर्चात थोडे पैसे टाकून नवाच फोर्क येतो.

म्हणून माझा आग्रह, दोनदा कापा. फोर्क, हेडसेट, स्टेम सगळं जागेवर चढवा आणि स्टेमच्या वर २५-३० मिमीचे स्पेसर ठेवून पहिला काप द्या. लांब फोर्कने हँडल वर आलेलं असतं, ते किती खाली हवं हे चालवल्याशिवाय कळत नाही, स्पेसर खालून वर टाकत टाकत ठरवा. या काळात स्टार नट (टॉप कॅपचा, म्हणजे वरच्या झाकणाचा, बोल्ट पकडायला स्टीअररमध्ये ठोकतात तो) ठोकू नका, नाहीतर दुसऱ्या कापाच्या वेळी तो नेमका करवतीच्या वाटेत येतो. त्याऐवजी आतल्या व्यासाला बसणारा एक्सपांडर प्लग वापरा, तो सुटतो आणि परत बसतो.

दोन-तीन आठवडे चालवून हँडल पटलं की स्टेमवरचे जादा स्पेसर काढून एकच ठेवा, त्याच्या वरच्या कडेला पेनाने रेघ मारा, फोर्क बाहेर काढा (सायकलवरच कापला तर अ‍ॅल्युमिनियमचा भुगा बेअरिंगमध्ये जातो) आणि रेघेच्या ३ मिमी खाली कापा. करवत सरळ चालावी म्हणून एखादा जुना स्टेम गाइड म्हणून आवळा. आतबाहेर कानस फिरवा, धार राहिली तर स्टेम चढवताना खरवडतो.

स्टार नट पाकळ्यांच्या कडा वर ठेवून, कापलेल्या कडेपासून १५ मिमी आत. टॉप कॅपचा बोल्ट त्यात फिरवून त्या बोल्टवर हलकेच ठोका म्हणजे तिरका जात नाही.

टॉप कॅप फक्त खेळ काढण्यापुरता, स्टेमचे बोल्ट त्यानंतर, स्टेमवर लिहिलेल्या टॉर्कने, बहुतेक ५-६ न्यूटन मीटर असतो. खेळ तपासताना हँडल ९० अंशात वळवून, पुढचा ब्रेक दाबून हलवा, सरळ ठेवलंत तर फोर्कच्या बुशिंगचा खेळ हेडसेटचा वाटतो आणि माणूस टॉप कॅप पिळत बसतो.

हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून क्राउनवरच्या नॉब डाउन ट्यूबला आपटत नाहीत ना बघा, ब्रेकची होज ताणली जात असेल तर लांब घ्या. पहिल्या दोन राइड्सनंतर टॉप कॅप परत तपासा, आणि पुढे दर वेळी सायकल धुताना हेड ट्यूबखालचा वेल्ड पुसून नीट बघा, रंगात केसासारखी रेघ दिसली तर चालवणं तिथेच थांबवा.