कॅलिपर गळतोय? सीलला दोष देण्याआधी या चुका टाळा

जुन्या गाडीचा कॅलिपर, म्हणजे डिस्क ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, गळायला लागला की आधी सील किट मागवलं जातं. तासाभरात नवे सील बसतात, आणि पंधरा दिवसांत चाकाच्या आतल्या बाजूला पुन्हा ओल. मग शिव्या किटला.

सील कॅलिपरच्या खाचेत बसतं आणि पिस्टनला, म्हणजे पॅड पुढे ढकलणाऱ्या दट्ट्याला, घट्ट धरून असतं. म्हणजे तेल अडतं ते पिस्टनच्या अंगावर. तिथलं क्रोम उडून गंजाचे खड्डे पडले असतील तर नवं सील काय करणार? पिस्टनवरून नख फिरवा. अडलं, तर पिस्टन बाद.

‘पॉलिश पेपर मारला की झालं’ म्हणणाऱ्यांतला एके काळी मीही होतो. पिस्टन आरशासारखा चकचकीत केला, चार जणांना दाखवलाही. क्रोमचा पातळ थर त्यातच निघून गेला, हे कळलं तीन महिन्यांनी, उतारावर, पेडल थेट खाली गेलं तेव्हा. गाडी एकाच सर्किटची, त्यामुळे एक कॅलिपर गळला की चारही चाकांचे ब्रेक गेले. हँडब्रेक ओढत कशीबशी थांबवली. उघडून बघतो तर पिस्टन तांबूस आणि सीलची कड कुरतडल्यासारखी. तेव्हापासून शंका आली तरी पिस्टन नवा, मिळाला तर स्टेनलेसचा.

पिस्टनइतकंच खाचेकडे लक्ष द्या. पिस्टन ज्या पोकळीत सरकतो तिच्या भिंतीवरचा किरकोळ डाग चालतो, पण खाचेत गंज साचला की तो सीलला मागून रेटतो. मग पिस्टन अडकतो नाहीतर तेल झिरपतं. मी पितळी तार वाकवून खाच खरवडतो. कंटाळवाणं काम आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी कृपया दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं.

दुसरा घोळ नावाचा. आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो म्हणून लोक सीलला इंजिन ऑइल नाहीतर साधं ग्रीस लावतात, पेट्रोलने धुतात. डॉट ३ किंवा डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार खनिज तेल नव्हेतच. त्यावर चालणारं रबर साध्या तेलाने फुगतं, आणि फुगलेलं सील फेकण्याच्याच लायकीचं. धुवायला मेथिलेटेड स्पिरिट, बसवताना नव्या डब्यातलं ब्रेक ऑइल.

पिस्टन काढायला हवेचा पाइप लावू नका. पिस्टन गोळीसारखा सुटतो. होज (ब्रेकची रबरी नळी) जोडलेला असतानाच पेडल दाबून पिस्टन बाहेर आणा, समोर लाकडाचा ठोकळा ठेवून. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नका, तारेने बांधा. होजच्या जोडावरचे तांब्याचे वॉशर नवेच घाला.

ब्रेकमधली एअर निघतच नसेल तर कॅलिपरवरचा हवा काढायचा निप्पल कुठे आहे ते बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निप्पल खाली जातो आणि हवा वर अडकते. दोन तास पेडल मारून थकलेल्यांना हे सांगितलं की चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि सांडलेलं ब्रेक ऑइल लगेच पाण्याने धुवा. माझ्या मडगार्डवर तळहाताएवढा रंग सोललेला आहे, मी तेव्हा फोनवर बोलत होतो.