रेडिएटरचा आकडा म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर नव्हे

साताऱ्याहून थंडीत जर्मनीला मुलांकडे जाणाऱ्या काका-काकूंसाठी हे खास. तिथे खोली तापवायला भिंतीपाशी रेडिएटर असतो, त्यात गरम पाणी फिरतं. त्याच्या टोकाला १ ते ५ आकड्यांची मूठ असते. ५ वर फिरवली म्हणून खोली लवकर तापत नाही. खोली किती तापली की गरम पाणी थांबवायचं, ते हा आकडा ठरवतो. ३ म्हणजे साधारण २० अंश. साध्या मुठीऐवजी स्मार्ट व्हॉल्व्ह (गरम पाण्याची इलेक्ट्रॉनिक झडप) असेल तर थेट अंशच दिसतात, मोबाइलवरून प्रत्येक खोलीचे वेगळे ठेवता येतात. झोपायच्या खोलीला १८ पुरे.

सगळ्यात महत्त्वाचं: तापमान मोजणारा सेन्सर बहुतेक वेळा त्या मुठीतच असतो. तिच्यावर पडदा किंवा वाळत घातलेली साडी आली की गरम हवा तिथेच कोंडते, खोली तापली असं समजून व्हॉल्व्ह मिटतो आणि तुम्ही कुडकुडत बसता. सोफाही चिकटवू नका.

फोडणीचा वास जावा म्हणून खिडकी उघडताना आधी मूठ बंद करा. साधा व्हॉल्व्ह गार हवा लागताच उलट जास्त उघडतो. बरेच स्मार्ट व्हॉल्व्ह मात्र तापमान एकदम उतरलेलं ओळखून काही वेळ आपोआप बंद होतात. वापरात नसलेली खोलीही अगदी गार पडू देऊ नका, १६ अंश ठेवा. नाहीतर भिंतींना ओल धरून बुरशी येते.