शेवटच्या दोन मिनिटांत कोर्टवर कोण?

कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची जबाबदारी नुकतीच गळ्यात पडलेल्यांसाठी लिहितोय. आधी कबुली देतो. पहिल्याच वर्षी एक सेमी-फायनल मी घालवली. पोरांनी खेळून जिंकत आणली होती, मी बेंचवर बसून घालवली.

२२ सेकंद बाकी, आम्ही एका पॉइंटने पुढे, बॉल आमचा. टाइमआउटमध्ये मी काय बोललो? वेळ आलीच तर शेवटचा शॉट कुणी मारायचा ते. अरे, पण शॉट मारायचाय कुणाला? शॉट मारायला मिळणाऱ्या २४ सेकंदांचं घड्याळसुद्धा आमच्या बाजूने होतं. बॉल सांभाळला की संपलं. घड्याळ थांबवायला समोरचे फाउल करणार हे उघड होतं, त्या क्वार्टरमधले त्यांच्या टीमचे चार फाउल कधीच भरले होते, म्हणजे पुढच्या फाउलला आम्हाला दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे एकेका पॉइंटचे शॉट). आणि फाउल कुणाला करायचा हे ते ठरवणार होते. त्यांनी आमचा सगळ्यात उंच पोरगा हेरला. मॅचभर त्याने रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचे बॉल, ओढले होते, म्हणून मी त्याला ठेवला होता. दोन्ही थ्रो रिंगवर आपटले. पलीकडे त्यांचा ले-अप, बास्केटजवळून सोपा शॉट. खलास.

इथे मी पाल्हाळ लावणार आहे, कारण मला नडलं ते एवढंच. त्या उंच पोराचे सरावात १० पैकी ४ फ्री थ्रो जायचे. म्हणजे दोन्ही जाण्याची शक्यता १०० पैकी १६, दोन्ही चुकण्याची ३६. बेंचवर एक बुटका पोरगा बसला होता, १० पैकी ८ वाला. त्याचे दोन्ही जाण्याची शक्यता ६४, दोन्ही चुकण्याची ४. हा हिशेब पाचवी-सहावीतलं पोरगंही करेल. मी केला नव्हता, कारण तो बुटका मॅचमध्ये फारसा चमकला नव्हता आणि माझ्या डोळ्यांपुढे रिबाउंड नाचत होते. 'आज कोण भारी खेळतोय' आणि 'आत्ता कोण लागतोय' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुन्हा वाचा, मला हे कळायला एक सीझन लागला.

थोरामोठ्यांचंही असंच होतं म्हणा. अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या २०१३ च्या फायनल्सची सहावी मॅच म्हटली की सगळ्यांना मायामीच्या रे ॲलनचा कोपऱ्यातला थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) आठवतो. पण ५.२ सेकंद उरले असताना मायामीला बरोबरी साधता आली, ती त्याआधी सॅन अँटोनियोच्या जिनोबिली आणि कवाय लेनर्ड या दोघांनी दोनपैकी एकेक फ्री थ्रो चुकवला म्हणून. शिवाय त्या डावाला सॅन अँटोनियोचा रिबाउंड ओढणारा उंच टिम डंकन बेंचवर होता. थ्री अडवायला चपळ माणसं हवीत हा विचार काही वेडगळ नव्हता. पण मायामीच्या लेब्रॉनचा शॉट चुकला, रिबाउंड त्यांच्याच क्रिस बॉशने उचलला आणि बॉल ॲलनकडे गेला. रील्सवर फक्त शेवटचा शॉट दिसतो, म्हणून रील्स बघून 'क्लच', म्हणजे ऐन मोक्याला मॅच काढणं, शिकणाऱ्यांचा मला राग येतो. तसाच 'जिगर रक्तात असावी लागते' म्हणणाऱ्या सीनिअर सरांचाही. वहीत दोन आकडे लिहिलेले नसतात, आणि जिगर मोजायला निघतात!

वही ठेवाच. फ्री थ्रो सरावाच्या सुरुवातीला मोजू नका. ताज्या पायांवर सगळेच हिरो. कोर्टच्या चार चकरा पळवा, धाप लागली की दोनच थ्रो द्या, परत पळवा. महिनाभरात यादी आपोआप उलटीपालटी होते. माझ्याकडचा टॉप स्कोअरर चौथ्या नंबरवर घसरला होता.

मागे असताना यादी वेगळी. तिथे शॉट मारणारा लागतोच, पण डबल टीम आल्यावर, म्हणजे दोघं अंगावर आल्यावर, बॉल सोडणारा लागतो. १९९७ च्या एनबीए फायनल्सची सहावी मॅच, ८६-८६, सगळं जग शिकागोच्या जॉर्डनकडे बघतंय. समोरच्या युटाहचा स्टॉकटन त्याला अडवायच्या मदतीला धावला, जॉर्डनने मोकळ्या राहिलेल्या आपल्या स्टीव्ह करला पास दिला, ५ सेकंद बाकी असताना बास्केट. आपल्याकडचा 'स्टार' तिघांच्या अंगावरून शॉट टाकतो आणि वर म्हणतो, सर, फाउल होता.

घाबरूही नका. सगळं बरोबर निवडूनही हराल. १९९५ च्या फायनल्सच्या पहिल्या मॅचमध्ये ऑर्लँडोच्या निक अँडरसनने शेवटच्या काही सेकंदांत ओळीने चार फ्री थ्रो चुकवले, आणि तो काही वाईट फ्री थ्रो मारणारा नव्हता. अशा रात्री पोराला घरी सोडायला जा, मॅचचा विषय काढू नका.

बदली फक्त बॉल डेड असताना मिळते, त्यामुळे ज्याला आत घालायचंय तो आधीच स्कोअरर टेबलपाशी हवा. आणि ज्याला बाहेर बसवायचंय त्याला आदल्या दिवशी सांगा: पुढे असलो तर शेवटची दोन मिनिटं तू बसणार, मागे असलो तर खेळणार. तो रुसेल. रुसू द्या, आदल्या दिवशी रुसायला वेळ असतो. टाइमआउट एक मिनिटाचा, त्यातली वीस सेकंद पोरं पाण्याची बाटली शोधण्यात घालवतात.