विकिपीडियावर लिहित्या बायका: गावच्या वाचनालयात संपादनाची बैठक कशी बसवावी

आमच्या कोकणातल्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एक दुपार आम्ही सात-आठ जणी जमतो आणि मराठी विकिपीडियावर लिहितो. सुरुवातीला "हे काय नवीन खूळ?" असं विचारणारे बरेच होते. आता "आमच्या गावात कसं सुरू करू?" असं विचारणाऱ्या भेटतात. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

विकिपीडिया २००१ साली सुरू झाला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी. कोणीही यावं, कोणीही लिहावं, असा तिथला रिवाज. तरी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लिहिणाऱ्यांमध्ये बायका १३ टक्क्यांहून कमी निघाल्या. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या तेव्हाच्या प्रमुख स्यू गार्डनर यांनी २०१५ पर्यंत हा आकडा २५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. तो गेला नाही. लिहिणारे कोण यावर काय लिहिलं जातं ते ठरतं. इंग्रजी विकिपीडियावर २०१५ मध्ये 'विमेन इन रेड' हा प्रकल्प उभा राहिला तेव्हा तिथल्या चरित्रलेखांपैकी जेमतेम १५ टक्के लेख बायकांवर होते. नाव 'रेड' कारण ज्या विषयावर लेख नाही त्याचा दुवा विकिपीडियावर लाल दिसतो. मराठीतही तो लालच दिसतो.

बायका लिहीत नाहीत कारण त्यांच्यात आत्मविश्वास नाही, असं भाषणांतून ऐकू येतं. हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावात चार पुरुषांच्या वर बोली लावून पाटी उचलणारी बाई ज्याने पाहिली असेल तो असं म्हणणार नाही. माझ्या अनुभवात कारणं दोन: एक म्हणजे सलग दोन तास मिळत नाहीत, आणि दुसरं, पहिलंच लिहिलेलं कोणीतरी पुसून टाकतं आणि का पुसलं ते कळत नाही. खालचं सगळं या दोन गोष्टींभोवती बेतलेलं आहे.

आधी कॅलेंडर पाहा, मग जागा

८ मार्चला कार्यशाळा घ्यायची फार हौस असते. पण त्या सुमारास आमच्याकडे शिमग्याची गडबड आणि काजूची बी वेचायची वेळ. एप्रिल-मे आंबा, रातांबे (कोकमाची फळं) आणि लग्नं. जून-जुलै लावणी. मग गणपती, चाकरमानी, घरात पंधरा माणसं. उरतं काय? दिवाळीनंतरचे दीड-दोन महिने, आणि थोडंफार जानेवारीत. सुरुवात तेव्हाच करा. कोळीवाड्यातल्या बायकांचं गणित वेगळं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा त्यांना जरा उसंत मिळते. मात्र पावसात लाईटचा भरवसा नाही, मोबाईल आणि पॉवर बँक चार्ज करून आणायला सांगायचं.

वेळ दुपारी दोन ते चार. जेवणाची भांडी झालेली असतात आणि संध्याकाळच्या चहाला, बाजाराला किंवा शेवटच्या एसटीला अजून अवकाश असतो. चार म्हणजे चार. एकदा आम्ही साडेपाचपर्यंत ताणलं, पुढच्या महिन्यात तिघी आल्या नाहीत. लहान मुलांना बरोबर आणू द्या. एक सतरंजी आणि खडूंची पेटी पुरते.

खाती आदल्या दिवशीच

हे मी चूक करून शिकले. पहिल्या बैठकीत अकरा जणी आल्या, सगळ्या वाचनालयाच्या वायफायवर बसल्या आणि सहा खाती झाल्यावर सातवं होईना. एकाच इंटरनेट जोडणीवरून चोवीस तासांत सहाच नवी खाती उघडता येतात. खोडसाळपणा रोखायला तसा नियम आहे. उरलेल्या पाच जणींनी अर्धा तास वाट पाहिली, त्यातल्या दोघी घरी गेल्या. तेव्हा प्रत्येकीला आदल्या दिवशी घरूनच, आपापल्या डेटावर खातं उघडायला सांगा.

सदस्यनाव घेताना खरं नाव, आडनाव, गाव, जन्मसाल काही घालू नका. त्या नावाने केलेला प्रत्येक बदल पानाच्या 'इतिहासा'त कायम राहतो आणि तो कोणालाही दिसतो. पानफुटी, खाडीकाठ, रातांबा, अशी नावं आमच्याकडे आहेत. ईमेल देणं सक्तीचं नाही, पण दिला नाही तर पासवर्ड विसरल्यावर खातं गेलंच समजा. पासवर्ड वहीत लिहून ठेवायला सांगा, दिराच्या मोबाईलमध्ये नको.

पहिल्या दिवशी नवा लेख नाही

नवा लेख लिहिण्याचा मोह आवरा. पहिल्या दिवशी प्रत्येकीने आपल्या गावाचं पान उघडायचं. कोकणातल्या पुष्कळ गावांची पानं एकाच साच्यातली आहेत: अमुक तालुक्यातलं एक गाव, मग भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा असे मथळे. बऱ्याच पानांवर 'लोकजीवन' या मथळ्याखाली काहीच नसतं. तो रिकामा मथळा दाखवला की काही बोलावंच लागत नाही.

आमच्यातल्या साठीच्या एक काकू पहिल्यांदा पेन्सिलच्या खुणेवर, म्हणजे संपादनाच्या बटणावर, बोट ठेवून बसल्या ते बराच वेळ काही करेनात. "माझ्याकडून मोडलं तर?" मोडत नाही, कारण प्रत्येक बदल 'इतिहासा'त जाऊन उलटवता येतो. हे नुसतं सांगून भागत नाही, म्हणून मी 'धूळपाटी'वर, म्हणजे सरावाच्या पानावर, त्यांच्या देखत अख्खा मजकूर पुसला आणि परत आणला. मग काकूंनी गावाच्या पानावर 'नदि'ची 'नदी' केली, खाली 'बदलाचा आढावा' मध्ये "शुद्धलेखन" लिहिलं आणि प्रकाशित केलं. एक वेलांटी. चष्मा पुसून त्यांनी ती तीनदा वाचली.

टायपिंगचा बाऊ करू नका. मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर माइक दाबून बोललं की अक्षरं उमटतात, चुका नंतर सुधारायच्या. आणि मदतनीसांसाठी एक नियम अगदी कडक: दुसरीच्या माऊसला किंवा मोबाईलला हात लावायचा नाही. कॉलेजचा एक मुलगा आम्हाला छान मदत करतो, पण सुरुवातीला तोच सगळ्यांचं पटापट करून द्यायचा. आता तो हात पाठीमागे बांधून उभा राहतो आणि तोंडाने सांगतो.

संदर्भ: इथेच खरी मेहनत

दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत भांडण ठरलेलं. "ताई, आमसुलं मी तीस वर्षं करत्येय. रातांब्याच्या साली रसात बुडवायच्या, वाळवायच्या, परत बुडवायच्या. किती पुटं द्यायची ते मला विचारा. पुस्तकवाल्याने कधी केलीत काय?" बाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं, तरी विकिपीडियाला ते चालत नाही. तिथे स्वतःचा अनुभव हे 'मूळ संशोधन' ठरतं. दुसऱ्या कोणीतरी छापलेलं, पडताळता येईल असं काही लागतं. हा नियम बायकांच्या कामाला जास्त जाचतो, कारण त्यांचं काम छापलं गेलं कमी. नियम आपल्याला बदलता यायचा नाही, पण त्याच्या आत राहून बरंच करता येतं.

आमसुलांसाठी आम्ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका शोधल्या. १९७२ पासूनचं विद्यापीठ, कोकम आणि काजूवर त्यांचं पुष्कळ छापलेलं आहे. बाईंनी पुस्तिका वाचली, "बरोबर लिवलंय" म्हणून पास केली, आणि मग तिचा संदर्भ देऊन स्वतःच्या शब्दांत चार वाक्यं लिहिली. गावाच्या पानासाठी २०११ च्या जनगणनेची आकडेवारी घ्या; गावात किती बायका, शाळा आहे का, दवाखाना किती लांब, हे त्यात मिळतं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, तिथे किंवा जवळच्या कुठल्याही जुन्या वाचनालयात वर्तमानपत्रांची आणि दिवाळी अंकांची बाडं चाळा. इंग्रजांच्या काळातलं १८८० चं गॅझेटियरही कामाचं, पण जपून. त्यात बाई भेटते ती बहुतेक जातीजातीच्या लुगड्या-दागिन्यांच्या वर्णनात.

बायकांची चरित्रं लिहिताना आणखी एक अडचण येते, ती नावांची. देवरुखच्या जोशींची गोदूबाई घ्या. बालपणी लग्न होऊन ती नातूंची सून झाली, लवकरच विधवा झाली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली; त्या लग्नापायी कर्व्यांच्या गावच्या मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. लोक पुढे तिला बाया कर्वे म्हणू लागले. बाई एक, नावं चार. जुन्या कागदांत शोधताना चारही नावांनी शोधा, 'सौ.' आणि नवऱ्याच्या नावाखालीही शोधा, माहेरच्या मंडळींना विचारा. लेख एका नावाने लिहा आणि बाकीच्या नावांची 'पुनर्निर्देशनं' करून ठेवा, म्हणजे कोणी कुठल्याही नावाने आली तरी त्याच पानावर पोचेल. बाया कर्व्यांची बहीण पार्वतीबाई आठवले, विधवांच्या संस्थेसाठी निधी जमवायला अमेरिकेपर्यंत गेलेली बाई. तिच्या लेखातही भर घालायला जागा सापडेल.

छायाचित्रं स्वतः काढलेलीच कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या साठ्यात, चढवा, गुगलवरून उचललेली नकोत. आमच्या एकीने काजू फोडणाऱ्या हातांचा फोटो काढला, चिकाने काळी पडलेली बोटं आणि पांढरी गरं. चेहरा नाही, फक्त हात, तेही त्या बाईंना विचारून. फोटो चढवला की तो जगात कोणालाही वापरता येतो, हे आधी समजावून सांगायला हवं.

पुसलं गेलं तर

जाईलच. आमच्या एकीने स्वतःच्या बचतगटावर लेख लिहिला: "अतिशय कष्टाळू", "आदर्श", आणि संदर्भ शून्य. दुसऱ्या दिवशी वर 'पानकाढा' साचा (पान काढून टाकावं अशी सूचना), तिसऱ्या दिवशी लेख गायब. ती दोन महिने फिरकली नाही. चूक माझी होती, मी तिला आधी सांगायला हवं होतं की स्वतःवर, स्वतःच्या गटावर, घरच्यांवर लिहायचं नसतं. बचतगटांबद्दल लिहायचं तर ज्यांच्याबद्दल वर्तमानपत्रांतून छापून आलंय ते घ्या. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत बचतगटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, त्यावर हवं तेवढं साहित्य मिळेल.

संदर्भांअभावी लेख अडतो तो फक्त आपलाच नाही. कॅनडाच्या डॉना स्ट्रिकलंड यांना २०१८ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांचा लेखच नव्हता. कोणीतरी त्याच वर्षी पाठवलेला मसुदा पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत गेला होता. हा किस्सा मी बैठकीत मुद्दाम सांगते.

उपाय असा. नवा लेख आधी आपल्या धूळपाटीवर लिहा. विषयाशी लागेबांधे नसलेले निदान तीन संदर्भ जमले की मगच मुख्य जागेत हलवा. विशेषणं दुसऱ्या कोणीकडून तरी खुडून घ्या. स्वतःची स्वतःला दिसत नाहीत. तरीही साचा लागला तर चिडून तो काढू नका, लेखाच्या चर्चापानावर लिहा. आम्ही हा मजकूर वहीत लिहून ठेवला आहे:

"नमस्कार. या लेखात मी आज दोन स्वतंत्र संदर्भ जोडले आहेत. आणखी काय कमी आहे ते कृपया सांगावे, मी दुरुस्ती करते. तोवर लेख ठेवावा ही विनंती."

बहुतेक वेळा नीट उत्तर येतं. कोणी अंगावर आलं, वैयक्तिक बोललं, तर एकटीने उत्तर देत बसू नका. पान पुसूही नका. 'इतिहासा'तला दुवा जपून ठेवा आणि चावडीवर (सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर) किंवा थेट प्रचालकांकडे, म्हणजे देखरेख करणाऱ्या सदस्यांकडे, मांडा. सगळ्या विकिमीडिया प्रकल्पांना लागू असलेली एक आचारसंहिता आहे, तिच्यात छळाला थारा नाही.

मोजायचं काय

किती लेख झाले ते मोजू नका. त्या आकड्यासाठी लोक एका दुपारी चाळीस तकलादू लेख पाडतात आणि नंतर कोणीतरी ते पुसत बसतं. आमच्या वहीत दोनच रकाने आहेत: आज कोण आलं, आणि मधल्या महिन्यात घरून एक तरी बदल कोणी केला. दुसरा रकाना पहिल्या वर्षी जवळजवळ कोराच होता. नंतर व्हॉट्सॲपवर आठवड्याला एक छोटं काम टाकायला लागले, एखादा लाल दुवा, एखादं चुकलेलं गावाचं नाव, आणि तो हळूहळू भरू लागला. पुढची तारीख मात्र निघण्याआधीच ठरवून वहीत लिहायची, नाहीतर ती ठरत नाही.

निघताना प्रत्येकीने आपण हात लावलेल्या पानावरच्या ताऱ्यावर बोट ठेवायचं. तसं केलं की पान आपल्या 'निरीक्षणसूची'त येतं आणि कोणी त्यात फेरफार केला की कळतं. काकूंनी गावाच्या पानाबरोबर खाडीपलीकडच्या आणखी एका गावाचं पान त्यात घातलंय. ते त्यांचं माहेर.